उफराटे उतार आणि गवंड्याचा ओळंबा

मानवी दृष्टी हे परमेश्वराने दिलेले एक थोर दान आहे. तथापि ह्या दानाच्या मर्यादा ओळखणे हेही त्याच्या योग्य विनियोगाचेच एक अंग होय. गेल्या काही वर्षांत आमच्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबे सुटीत लडाखचा प्रवास करू लागली आहेत. परत आल्यावर बर्फ, बौद्ध मठ आणि सिंधू नदी ह्यांच्या वर्णनाबरोबर एका टेकडीचे वर्णन हमखास ऐकावयास मिळते. लेहहून कारगिलकडे जाणाऱ्या महामार्गावर, लेहपासून सुमारे तीस किलोमीटरवर, ‘मॅग्नेटिक हिल’ म्हणून एक ठिकाण आहे. रस्त्यावर पांढऱ्या रंगाने आखलेल्या चौकटीत मोटार उभी करावयाची, इंजिन बंद करावयाचे, गिअर न्यूट्रलमध्ये टाकावयाचा आणि ब्रेकवरचा पाय उचलावयाचा. मोटार हळूहळू सरकू लागते; आणि नवल हे की ती उताराकडे न जाता चढाकडे जाताना दिसते. रस्त्याकडेची पिवळी पाटी प्रवाशांस सांगते की, हे गुरुत्वाकर्षणास न जुमानणारे दृश्य होय.

मुले विचारतात, त्या डोंगरात खरोखर चुंबक आहे काय? थोरली माणसे जरा दबक्या आवाजात विचारतात, “फादर, ह्याला चमत्कार म्हणावयाचे काय?” ह्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येईल, परंतु तसे केल्याने एका मनोरंजक आणि बोधप्रद इतिहासास आपण मुकू. शिवाय ह्या इतिहासाचे काही धागे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही गुंतलेले आहेत. यास्तव थोडे मागे जाऊन पाहू.

कार्डिनलना अर्पण केलेले वाकडे घर

डोळ्यास चकविण्यासाठी मुद्दाम उभारलेल्या वास्तूंमध्ये एक फार प्रसिद्ध वास्तू इटलीत, रोमच्या उत्तरेस बोमार्झो ह्या गावी आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास व्हिचिनो ओर्सिनी नावाच्या सरदाराने तेथे एक विलक्षण उद्यान रचले. जागच्या जागी असलेल्या खडकांतून त्याने राक्षस, हत्ती, कासव, जबडा वासलेले मुख अशी शिल्पे कोरवून घेतली. त्याच उद्यानात एक लहानसे दुमजली घर आहे. ते एका कललेल्या खडकावर मुद्दाम कललेलेच बांधले आहे. त्याची जमीन तिरपी, भिंती तिरप्या, खिडक्याही तिरप्या. आत पाऊल टाकणाऱ्यास क्षणात भोवळ आल्यासारखे वाटते आणि तो नकळत भिंतीचा आधार शोधू लागतो.

आम्हां कॅथलिकांस विशेष वाटावे असे की, ह्या वाकड्या घरावर कार्डिनल क्रिस्तोफोरो माद्रुझ्झो ह्यांचे नाव कोरलेले आहे. हे घर त्यांना अर्पण केलेले आहे. माद्रुझ्झो हे ट्रेंटचे बिशप आणि त्या नगरीचे शास्ते होते. १५४५ साली जी ऐतिहासिक धर्मपरिषद सुरू झाली, तिचे यजमानपद त्यांच्याकडेच होते. ख्रिस्तसभेची विस्कटलेली घडी सरळ करण्यासाठी ज्यांच्या नगरीत धर्माचार्य जमले, त्यांनाच मित्राने एक तिरपे घर अर्पण करावे, ह्यात विनोद असेल, उपरोध असेल, की आणखी काही सूचना असेल? ओर्सिनीच्या मनातले ओर्सिनीच जाणे. परंतु एक गोष्ट स्पष्ट आहे. त्या घराने कोणाची फसवणूक केली नाही. ते बाहेरूनच वाकडे दिसते आणि मग आत बोलावते.

रंगवलेला घुमट

त्याच ट्रेंट नगरीत १६४२ साली आंद्रेआ पोझ्झो ह्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते येशूसंघात दाखल झाले आणि अखेरपर्यंत साधे ब्रदर म्हणून राहिले; मात्र कुंचल्याच्या बळावर युरोपभर त्यांचे नाव झाले. रोममध्ये संत इग्नेशियस ह्यांच्या नावाने येशूसंघाने भव्य मंदिर उभारले होते. आराखड्यात मध्यभागी घुमट होता, पण तो काही बांधला गेला नाही. १६८५ साली ब्रदर पोझ्झो ह्यांनी सुमारे सतरा मीटर व्यासाच्या सपाट कापडावर घुमट रंगवून तो छताच्या जागी बसविला. खालून पाहणाऱ्यास खांब, कोनाडे, वर निमुळता होत गेलेला गोलाकार आणि त्यातून झिरपणारा प्रकाश दिसतो. प्रत्यक्षात वर सपाट कापडापलीकडे काहीही नाही.

काही वास्तुतज्ज्ञांनी आक्षेप घेतला की, ह्या चित्रातले खांब भिंतीतून निघालेल्या घोड्यांवर टेकविले आहेत. खऱ्या इमारतीत ते टिकणार नाहीत. ब्रदर पोझ्झो ह्यांनी आपल्या ग्रंथात ह्या आक्षेपाची मोठी मौज नोंदविली आहे. त्यांच्या एका चित्रकार मित्राने म्हणे हमी दिली की, हे खांब कधी कोसळलेच तर दुरुस्तीचा सर्व खर्च आपण सोसू!

परंतु ह्या कथेत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्या मंदिराच्या जमिनीत बसविलेली संगमरवरी तबकडी. त्या खुणेवर उभे राहून वर पाहिले म्हणजे घुमट अगदी खरा भासतो. दहा-वीस पावले बाजूस सरकले की तोच घुमट लवंडतो, खांब वाकतात आणि रंगाचे रहस्य उघडे पडते. म्हणजे चित्रकाराने भास निर्माण केला, आणि हा भास कोठून दिसतो हेही पायाखाली दाखवून दिले. ज्याला सत्य पाहावयाचे आहे त्याची वाट त्याने अडविली नाही. प्रामाणिक भास आणि लबाड भास ह्यांत जो फरक आहे, तो ह्या तबकडीइतका आहे.

मोटारींचे युग

वाकडे घर आणि रंगविलेला घुमट माणसांनी मुद्दाम घडविले. लडाखसारखे उफराटे उतार मात्र निसर्गात आपोआप जुळून आलेले असतात. असे रस्ते पूर्वीही असणारच. मग त्यांची कीर्ती विसाव्या शतकातच का पसरली? आम्हांस वाटते, ह्याचे कारण मोटारीत आहे. बैलगाडी किंवा घोडागाडी हाकणाऱ्यास चढ आहे की उतार, हे जनावराच्या ओढीवरून कळते. पायी चालणाऱ्यास ते पोटऱ्या सांगतात. मोटारीत बसलेल्या माणसाचा रस्त्याशी असलेला हा देहाचा संबंध तुटला आणि उरले ते केवळ डोळे.

स्कॉटलंडमध्ये एअरशायर परगण्यात समुद्रकाठच्या रस्त्यावर ‘इलेक्ट्रिक ब्रे’ नावाची चढण आहे. विजेचे जेव्हा लोकांस अप्रूप होते, तेव्हा डोंगरातील वीज किंवा चुंबक गाड्यांस ओढतो असा समज झाला आणि हे नाव पडले. तेथे रस्त्याकडेला एक दगड उभारलेला आहे. त्यावर सरळ लिहिले आहे की, हा पाव मैलाचा रस्ता पश्चिमेच्या वळणाशी समुद्रसपाटीपासून २८६ फुटांवर आणि पूर्वेच्या झाडीतील घळीशी ३०३ फुटांवर आहे; दोन्ही बाजूंच्या जमिनीच्या ठेवणीमुळे उतार उलट्या दिशेस असल्याचा भास होतो; आणि विजेची समजूत चुकीची होती. सतरा फुटांचा फरक दगडावर कोरलेला असूनही लोक येतात, गाड्या उभ्या करतात आणि आनंद घेतात. सत्य सांगितल्याने मौज नाहीशी होत नाही, ह्याचा हा दगड साक्षीदार आहे.

कॅनडातील मंक्टन शहराजवळच्या टेकडीची कथा १९३३ सालची. अशी एक टेकडी असल्याची वदंता ऐकून सेंट जॉन शहरातील एका वृत्तपत्राचे तीन पत्रकार मोटार घेऊन निघाले. प्रत्येक टेकडीच्या पायथ्याशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ते वाट पाहत बसत. काही तास असे हेलपाटे घातल्यावर एके ठिकाणी गाडी मागे सरकत ‘वर’ गेली! बातमी छापून आली, प्रवाशांची रीघ लागली; खाद्यपदार्थांचे दुकान आले, आठवण म्हणून न्यावयाच्या वस्तू आल्या आणि एक साधी वाट देशभर ‘मॅग्नेटिक हिल’ म्हणून गाजू लागली.

गूढस्थळांचा व्यापार

त्याच सुमारास अमेरिकेत आणखी एक प्रकार उदयास आला. ऑरेगॉन राज्यात गोल्ड हिल गावाजवळ १९०४ साली एका खाण कंपनीने धातूची पारख करण्यासाठी लाकडी कचेरी बांधली होती. पुढे ती पायावरून घसरली आणि तिरपी होऊन तशीच उभी राहिली. जॉन लिट्स्टर नावाच्या, मूळ स्कॉटलंडच्या गृहस्थांनी १९३० साली ही जागा ‘ऑरेगॉन व्होर्टेक्स’ म्हणून लोकांस खुली केली. त्यांचे म्हणणे असे की, सुमारे १६५ फूट व्यासाच्या वर्तुळात तेथे अज्ञात शक्तीचा भोवरा आहे. घोडे तेथे जावयास बिचकत, अशा कथाही जोडीस आल्या. कॅलिफोर्नियात सांताक्रूझ शहराबाहेर, उंच रेडवूड वृक्षांच्या राईत, जॉर्ज प्रेथर ह्यांनी १९४० साली ‘मिस्ट्री स्पॉट’ सुरू केला. तेथील वर्तुळ सुमारे १५० फुटांचे. आत डोंगरउतारावर एक कललेली खोली. पुढे देशभर अशी गूढस्थळे निघाली. मंदीचे दिवस होते. नवे महामार्ग झाले होते. मोटारवाला प्रवासी थोड्या पैशांत थोडे नवल शोधीत होता. २०१४ साली सांताक्रूझच्या ह्या स्थळाची नोंद कॅलिफोर्नियाच्या ऐतिहासिक स्थळांमध्ये झाली. गुरुत्वाकर्षण तेथे हरते म्हणून नव्हे, तर रस्त्याकडेच्या करमणुकीच्या त्या युगाचे ते स्मारक आहे म्हणून.

आत काय दाखवितात? चेंडू फळीवरून ‘वर’ घरंगळतो. दोन माणसे एका फळीच्या दोन टोकांस उभी राहतात आणि जागा बदलताच एकाची उंची वाढल्यासारखी, दुसऱ्याची घटल्यासारखी दिसते. मार्गदर्शक त्या फळीवर पाणसळ ठेवतो; बुडबुडा बरोबर मध्यभागी थांबतो. फळी समपातळीत आहे हे पाहून लोक अधिकच थक्क होतात. येथे क्षणभर थांबून विचार करावा. पाणसळ खरेच सांगत आहे. परंतु भोवतालच्या वाकड्या खोलीवर लोकांचा विश्वास इतका बसलेला असतो की, खरे सांगणारे साधनच त्यांस भारलेले वाटू लागते!

डोळ्यास क्षितिज हवे

ह्यातले शास्त्र अवघड नाही. सरळ काय आणि तिरपे काय हे ठरविताना आपण दोन साक्षीदार बोलावितो. एक आपल्या कानाच्या आत, तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात आहे. दुसरा साक्षीदार म्हणजे डोळे. डोळे स्वत: काही मोजत नाहीत, ते भिंती, खांब, झाडे आणि दूरचे क्षितिज पाहून अनुमान करतात. क्षितिज झाकले आणि भिंती, छत, कुंपण ही सारी एकाच बाजूस कलविली, की डोळे त्या कललेल्या चौकटीलाच सरळ मानतात. दोन साक्षीदारांत मतभेद झाला म्हणजे बहुधा डोळ्यांचे म्हणणे वरचढ ठरते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शिमामुरा आणि प्रिन्झमेटल ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली ‘मिस्ट्री स्पॉट’चा उलगडा साधारण ह्याच दिशेने केला.

उफराट्या रस्त्यांचा उलगडा २००३ साली इटलीतील पाओला ब्रेसान, लुईजी गार्लास्केल्ली आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने केला. त्यांच्या देशात असा एक रस्ता रोमजवळच्या आल्बान टेकड्यांत आरिच्चा गावाच्या परिसरात आहे; पोप महोदयांचे उन्हाळी निवासस्थान आणि व्हॅटिकनची वेधशाळा असलेले कास्तेल गांदोल्फो तेथून जवळच. ह्या संशोधकांनी मेजावर मावतील अशा लाकडी फळ्यांच्या प्रतिकृती केल्या. फळ्यांचे उतार कमी-अधिक केले, खरे क्षितिज दिसू दिले नाही, आणि लोकांस कोणती फळी चढती आहे ते विचारले. तीव्र उतारापुढे सौम्य उतार आला, की तो सौम्य उतार चढ म्हणून दिसतो, असे आढळले. मग त्यांनी त्या फळीवर चिकटपट्टीचे लहानसे वेटोळे सोडले. ते ‘वर’ जाताना पाहून लोक चकित झाले, आणि काहींच्या ठिकाणी भक्तियुक्त भयही दिसून आले, अशी नोंद त्यांनी केली आहे. लाकडाच्या चार फळ्या आणि चिकटपट्टी एवढ्यावर माणसाच्या मनात भक्तिभाव जागा होऊ शकतो! धर्मगुरू म्हणून ही नोंद आम्हांस फार गंभीर वाटते.

ख्रिस्तसभा आणि मोजमाप

ह्यांपैकी गार्लास्केल्ली हे रसायनशास्त्रज्ञ. नेपल्स येथे संत जानुआरियुस ह्यांचे म्हणून जतन केलेले रक्त वर्षातून ठरावीक दिवशी वितळते, अशी श्रद्धा आहे. हलविल्यावर पातळ होणारा आणि स्थिर ठेवल्यावर पुन्हा थिजणारा असा पदार्थ साध्या द्रव्यांपासून बनविता येतो, असे ह्याच शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९१ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात मांडले होते. हे वाचून काही भाविकांच्या कपाळास आठ्या पडतील. परंतु ख्रिस्तसभेने नेपल्सच्या ह्या घटनेवर चमत्कार म्हणून अधिकृत शिक्का कधी मारलेला नाही, हेही आपण ध्यानात ठेवावे. प्रामाणिक मोजमापाचे भय श्रद्धेस नसते, भोळसटपणास असते.

किंबहुना मोजमापाची शिस्त ख्रिस्तसभेने स्वत:च आपणास लावून घेतली आहे. प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी ह्यांनी संतपदाच्या चौकशीत आक्षेप घेणारा अधिकारी म्हणून वीस वर्षे काम केले आणि १७३४ ते १७३८ ह्या काळात त्या विषयावर प्रचंड ग्रंथ लिहिला. नैसर्गिक कारणे आधी तपासा, ती संपल्याशिवाय चमत्काराचे नाव घेऊ नका, अशी त्यांची कडक भूमिका. तेच पुढे १७४० साली पोप चौदावे बेनेडिक्ट झाले. लूर्ड्स येथे १८८३ पासून वैद्यकीय तपासणीची कचेरी आहे. तेथे सात हजारांहून अधिक लोकांनी आपण बरे झाल्याचे कळविले. त्यांतील चमत्कार म्हणून मान्य झालेल्या घटना २०२५ पर्यंत केवळ ७२. आणि मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने अशा अद्भुत म्हणविल्या जाणाऱ्या घटनांच्या तपासणीचे नवे नियम जाहीर केले. त्यांनुसार बिशपांनी कसून चौकशी करावयाची आणि सहसा ‘हे दैवीच आहे’ असा निर्वाळा द्यावयाचा नाही. तेव्हा लडाखच्या टेकडीस चमत्कार म्हणावे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर वाचकांस आता मिळालेच असेल. ती मोटार उतारावरच जात असते. परमेश्वराने घालून दिलेला गुरुत्वाकर्षणाचा नियम लेह-कारगिल रस्त्यावरही तितकाच इमानदार आहे.

सरळ उभा असलेला माणूस

आता ह्या विषयातील जी गोष्ट आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याची वाटते, ती सांगून लेखणी ठेवतो. ‘मिस्ट्री स्पॉट’च्या खोलीत उभे राहिलेल्या माणसांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. ती माणसे एका बाजूस धोकादायकरीत्या झुकलेली दिसतात. वस्तुत: तीच सरळ उभी असतात; वाकडी असते ती खोली. सर्व भिंती एकाच दिशेने कलल्या, की सरळ उभा असलेला माणूस वाकडा दिसू लागतो.

आपल्या समाजात अशा खोल्या थोड्या नाहीत. सर्वांनीच लग्नात ऐपतीबाहेर खर्च करावयाचा ठरविले, की साधेपणाने लग्न लावणारा कंजूष ठरतो. घरोघरच्या समारंभांत दारूचे पाट वाहू लागले, की सरबत देणारा यजमान विक्षिप्त ठरतो. वाडवडिलांची वाडी विकून आलेला पैसा जो तो उधळू लागला, की आपली विहीर आणि आपली केळी राखणारा शेतकरी मागासलेला ठरतो. कागदोपत्री एक रक्कम आणि हातात दुसरी, हाच व्यवहार सर्वत्र रूढ झाला, की खरी रक्कम लिहिणाऱ्याकडे लोक कीव येऊन पाहतात. ह्या माणसांस कधी कधी स्वत:विषयीच शंका येते, “फादर, आमचेच काही चुकते काय?” त्यांस आमचे सांगणे एवढेच की, खोलीच्या भिंतींस विचारू नका. भिंती आपल्यासारख्याच भिंतींच्या बाजूने कौल देणार. ढगांत शिरलेल्या वैमानिकास क्षितिज दिसेनासे झाले म्हणजे विमान कलले आहे की सरळ, हे शरीराच्या जाणिवेवरून कळत नाही; त्याने समोरच्या यंत्राच्या काट्यावर विसंबावयाचे असते. जो आपल्या वाटण्यावर विसंबतो, तो प्राणास मुकू शकतो.

आपल्या वाडीतला साधा गवंडी हे तत्त्व नित्य आचरतो. शेजारची भिंत पाहून तो आपली भिंत उभारीत नाही. तो दोरीस ओळंबा बांधून सोडतो, किंवा पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांस पातळी पाहतो. ओळंब्याचा कल शेजाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसतो. तो पृथ्वीच्या मध्याकडे असतो. आमोस संदेष्ट्यास झालेल्या दर्शनात परमेश्वर हाती ओळंबा घेऊन भिंतीजवळ उभा असलेला दिसतो. त्याच्या ग्रंथाचा सातवा अध्याय सर्व कुटुंबाने एका संध्याकाळी रोझरीनंतर एकत्र वाचावा. भिंत किती जुनी आहे, किती शेजाऱ्यांच्या भिंती तशाच आहेत, हे तेथे विचारले जात नाही. ती ओळंब्यात आहे की नाही, एवढेच पाहिले जाते.

तेव्हा वाचकहो, लडाखला अवश्य जा. त्या पांढऱ्या चौकटीत मोटार उभी करा, मुलांना टाळ्या वाजवू द्या. परमेश्वराच्या सृष्टीतील ही मौज पाहण्यात काहीही वावगे नाही. मात्र जाताना गवंड्याकडून हातभर पाण्याची नळी मागून न्या. टाळ्या थांबल्यावर ती रस्त्यावर धरा आणि मुलांना स्वत: पाण्याची पातळी वाचू द्या. खरा उतार कोणत्या बाजूस आहे हे ज्या मुलाने एकदा स्वत: मोजून पाहिले, तो मोठेपणी वाकड्या खोलीत उभा राहिला तरी आपल्या पायांवरील विश्वास सहसा गमावणार नाही.